तळमजल्याचं छप्पर

कामाचे तास निम्मे झाले की माणूस आधी चैन बंद करतो. ड्यूगल रँकीनकडे बंद करण्याजोगी चैन नव्हती, म्हणून त्यानं घराचा विमा बंद करायचं ठरवलं.

ग्लासगोच्या बिस्किट कारखान्यात तो भट्टीवर होता. विमा शुक्रवारी संपत होता. त्यानं कंपन्यांचे भाव चाळले. वादळ वगळलं, थोडं स्वस्त झालं. पाणीगळती वगळली, आणखी उतरलं. शेवटी उरलेला विमा बहुधा फक्त उल्कापातासाठी होता. तोही त्याला महाग वाटला.

बुधवारी सकाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकली होती: 'जिना धुण्याची पाळी तुमची.' आठ बिऱ्हाडांच्या त्या चार मजली दगडी इमारतीत सरकारं आली नि गेली, पाटी मात्र दारोदार फिरतच राहिली.

तो पायऱ्या पुसत होता, तेवढ्यात सर्वांत वर राहणाऱ्या गॅलब्रेथबाई बटाट्यांची पिशवी घेऊन आल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. सगळी इमारत त्यांना अजून वर्गच वाटायची.

"पोरा, कोपरे राहिले."

"कोपऱ्यांचे पैसे वेगळे, बाई."

"विमा सोडतोयस म्हणे?"

त्या जिन्यात बातमी बाईंच्याही आधी वर पोचत असे.

"तळमजल्यावर राहतो मी," ड्यूगल म्हणाला. "छप्पर उडालं तर तुमचं उडेल. मला काय, छत्रीसारखी तुम्ही सगळी आहातच की वर!"

बाईंनी उत्तराऐवजी पिशवी त्याच्या हातात दिली. वरच्या खिडकीशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली, बाईंना नाही.

"समोरच्या छपरावर ती ताडपत्री फडफडतेय, बघ. वादळ झालं जानेवारीत, आता ऑगस्ट आलाय. आठ बिऱ्हाडं, सात वेगवेगळ्या कंपन्या. प्रत्येक म्हणते, आधी बाकीच्यांनी द्यावं."

"आणि आठवं बिऱ्हाड?"

"तुझ्यासारखाच तळमजल्यावरचा, तुझ्यासारखाच हुशार. विमाच नाही. त्याचा वाटा कुणी भरायचा म्हणून काम अडलंय. पाणी मात्र अडत नाही. परवा त्याच्याच स्वयंपाकघरात उतरलं."

"पण तो तर तळाला राहतो!"

"मग? छप्पर आठांचं आहे! तुझ्याही डोक्यावर तेच आहे, पोरा. मी फक्त मध्ये राहते."

ड्यूगलची थट्टा आटली. "परवडत नाही हो, बाई," तो हळूच म्हणाला.

"कुणाला परवडतंय? म्हणून तर जिना आठ घरं मिळून धुतो. विमाही अख्ख्या इमारतीचा एकच घ्यावा. वाटे आठ."

"हे आधी का नाही बोललात?"

"बोलले होते. तेव्हा सगळ्यांना भरपूर काम होतं, ऐकायला वेळ नव्हता."

ड्यूगल खाली धावला. पाटी उलटी करून त्यानं लिहिलं: 'विमा कंपनीला फोन करण्याची पाळी तुमची.' आठवडाभर एकेका दारी मुक्काम करणारी ती पाटी त्या दिवशी पळत सुटली. प्रत्येक बिऱ्हाडानं एकेका कंपनीला गाठलं. गुरुवारी संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर जमले. सर्वांत स्वस्त भाव ऐकून टाळ्या पडल्या, तेवढ्यात ड्यूगल ओरडला, "थांबा! यात वादळ आहे का?"

नव्हतं. तो उल्कापातवालाच निघाला!

मग वादळ, आग, गळती सगळं असलेला दुसरा भाव घेतला. आठ वाटे केल्यावर ड्यूगलचा वाटा त्याच्या जुन्या हप्त्याहून कमीच भरला.

मंडळी, तंगीत स्वस्त विमा जरूर शोधा! पण स्वस्त करताना त्यातून काय काढून टाकलंय ते आधी बघा. आणि आपलं घर आपल्या दाराशी संपतं, हा हिशेब तर मुळीच करू नका. एकट्याला जे जड जातं, ते जिनाभर माणसांना पेलतं.

"पुढच्या वर्षी हे फोन कुणी करायचे?" बाईंनी विचारलं.

"पाटी माझ्याच दाराला लावा," ड्यूगल म्हणाला.

त्या इमारतीत पाळी मागून घेणारा तो पहिलाच माणूस. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ कौतुकानं पाहिलं.

"शाबास, पोरा," त्या म्हणाल्या. "आता कोपरे पूस."