दाराजवळचं कपाट

मित्रांनो, मी शाळेतलं एक जुनं लोखंडी कपाट बोलतोय. माझी कीव करू नका, आधी ऐकून घ्या.

कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं. पहिली काही वर्षं वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात सुखात होतो. मग शाळेला स्पर्धांत ढाली मिळायला लागल्या आणि मुख्याध्यापक म्हणाले, "पाहुण्यांना आल्या आल्या दिसायला हव्यात." झालं! माझी रवानगी थेट दारालगत. माथ्यावर ढाली, वरच्या खणांत जाडजूड रजिस्टरं, खालचे खण रिकामे. सगळा भार डोक्याकडे.

एकदा शाळा भूकंपात टिकेल का, हे तपासायला इंजिनिअरबाई आल्या. मला हात लावून म्हणाल्या, "इमारत ठीक आहे. पण हे कपाट भिंतीला पक्कं करा, नाहीतर दारापासून हलवा."

शिपाई मावशी मला रोज पुसायच्या. त्या मुख्याध्यापकांच्या मागेच लागल्या. "साहेब, चार स्क्रू तर मारायचेत!"

"अहो मावशी, भिंतीला नुकताच रंग दिलाय. लगेच भोकं पाडू? बघू पुढे."

आणि इंजिनिअरबाईंचा अहवाल? तो माझ्याच वरच्या खणात कोंबला.

भूकंपाचा सराव मात्र दणक्यात व्हायचा. मुलांनी बाकाखाली शिरायचं, मावशींनी धावत येऊन दार उघडं धरायचं. मग टाळ्या! आपण या बाईला नेमकं कुठे उभं करतोय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी जमीन खरंच हलली. मुलं बाकाखाली गेली. मावशींनी धावत येऊन दार धरलं. इमारत उभी राहिली हो! पडलो तो मी. त्यांच्या अंगावर.

"आधी पोरांना काढा!" त्या माझ्याखालून ओरडत होत्या. मुलांना खिडकीतून बाहेर काढलं. मावशींचा पाय कापावा लागला.

पुढच्या समारंभात मुख्याध्यापक छाती फुगवून म्हणाले, "आपल्या एकाही मुलाला ओरखडा आला नाही." खोटं नव्हतं ते. मावशी कुठे मुलांत मोडतात?

माझे पोचे काढले, नवा रंग दिला आणि मला शेजारच्या वर्गात नेलं. तिथेही दारालगतच. स्क्रू? छे! नाव काढू नका.

मित्रांनो, तुमच्या वर्गातलं कपाट भिंतीला पक्कं आहे का, हे मोठ्यांना विचारा. "बघू" म्हणाले तर पुन्हा विचारा, चिडले तरी विचारा. आज सकाळीच इथे सराव झाला. नव्या मावशी धावत आल्या, दार उघडलं आणि हसत हसत माझ्यापुढे उभ्या राहिल्या.