कोंबड्याच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या

होप्टन ग्रिझलने एक्केचाळिसावी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. बाकीच्या चाळीस तिथेच होत्या. प्रत्येकीवर एकच गाणं होतं: ‘कोंबडा’. आणि बहुतेकींवर त्यापुढे आणखी एक शब्द होता: ‘आपल्याकडचा.’

त्याने आधी शाई पाहिली. शाई वेगवेगळी होती. मग अक्षर पाहिलं. अक्षरंही वेगळी होती. काही शाळा शिकलेली, काही कशीबशी उमटलेली. म्हणजे ज्याने हे केलं तो हुशार होता. एका हाताने लिहिलं असतं तर पकडता आलं असतं.

मोरंट बे गावच्या रेडिओवर होप्टन तेहतीस वर्षं वर्षाचा आढावा सांगत होता. रेगे आणि डान्सहॉल या इथल्या नाचाच्या गाण्यांत वर्षभर काय चाललं, कोणत्या तालावर कोण कोण गायलं, कोण वर आलं, कोण गेलं, आणि शेवटी दहा गाणी. लोक फोनवरूनही मतं पाठवत, पण तो फक्त चिठ्ठ्या मानायचा. बाजारात, न्हाव्याकडे आणि औषधाच्या दुकानात एकेक पेटी असे. यादीचा शेवटचा शब्द मात्र त्याचाच. त्याने सख्ख्या मावसभावाचं गाणं एकदा यादीत घेतलं नव्हतं, तेव्हापासून त्या घरी येणं-जाणं बंद होतं. ग्रिझलचा कान विकत मिळत नाही, असं लोक म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि आवडतही होतं.

यंदा आढावा बुधवारी होता. वहीत मेपर्यंतच्या नोंदी भरपूर होत्या. पुढे पानं जवळजवळ कोरी होती. मेमध्ये त्याची बायको आयसिल्डा आजारी पडून बाजारात जायची थांबली, ऑगस्टमध्ये वारली. कोऱ्या पानांचं कारण त्याने स्वतःला असं सांगितलं होतं की वर्षच भिकार होतं. एका यंत्राच्या तालावर पंधरा पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटणार, आणि त्याला गाणं म्हणायचं.

आणि आता हा कोंबडा.

रेडिओ स्टेशन म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथली सगळी कामं कादियन नावाची तिशीतली बाई करायची. बातम्या तीच वाचायची, पेट्याही तीच आणायची.

“पेटी माझ्याआधी कोणी उघडली?” त्याने दारातूनच विचारलं.

“आधी आत तरी या, मिस्टर ग्रिझल. किल्ली तुमच्याच गळ्यात आहे.”

“कुलपं दुसऱ्या किल्लीनेही उघडतात.”

“मग मला अटक करा. पण नाताळाचा केक संपवून येते.”

तो हसला नाही. “ब्रिगोचं ते गाणं लाव. कोंबड्याचं.”

तिने लावलं. ब्रिगो हा सीफोर्थचा गायक, मार्चमध्ये त्याने हे काढलं होतं. ताल बरा होता, शब्द रोजचेच. एक कोंबडा, त्याचा तोरा, अंगणातल्या कोंबड्या. होप्टनने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्याला एक्केचाळीस मतं? हे रेडिओवर किती वेळा वाजलं?”

“दोनदा. तीनदा असेल.”

“मग लोकांनी ऐकलं कुठे?”

कादियनने समोरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते. “त्यांना बहुधा हे नको असेल.”

“मग कोणतं?”

“मला कसं माहीत असणार? मी या गावची आहे का?”

ती हसू दाबत होती. त्याने ते पाहिलं. गेले चार महिने तो हेच पाहत होता. न्हाव्याकडे तो शिरला की गुणगुणणं थांबायचं. दुकानात बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा बस थांब्यावर त्याच्या पाठीमागे कोणीतरी बारीक आवाजात आरवलं होतं. वळला तेव्हा तिथे फक्त चर्चला निघालेली माणसं होती, टोप्या घालून, गंभीर.

मिस पॅन्सी शेजारच्या घराच्या ओट्यावर नाताळच्या सरबतासाठी सॉरेलची लाल फुलं निवडत बसली होती. बाजारात तिची जागा आयसिल्डाच्या शेजारीच होती. वीस वर्षं दोघींनी एकाच छत्रीखाली कांद्याची पात आणि मिरच्या विकल्या.

“चिठ्ठी टाकलीत, मिस पॅन्सी?”

“टाकली की. पण ते गुप्त असतं ना? का आता तुम्ही दारोदार विचारत फिरणार?”

“कोंबड्याला टाकलीत.”

तिने टोपलीत आणखी एक फूल टाकलं.

“आपल्याकडचा कोंबडा म्हणजे कोणता?”

तिला हसू फुटलं. तिने ओल्या हाताने तोंड झाकलं, त्यामुळे गालावर लाल डाग पडला. “मास होप्टन,” वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली, “मला विचारू नका. माझं तोंड आयसी बंद करून गेलीय. त्या साउंडवाल्या टँटोला विचारा.”

“आयसीचा यात काय संबंध?”

“टँटोला विचारा म्हटलं ना,” ती म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली. आत गेल्यावर ती मोठ्याने हसली. पत्र्याच्या घरातून सगळं ऐकू येतं.

होप्टन स्वतःच्या घरी जाऊन पलंगावर बसला. बायकोचं नाव या भानगडीत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. जूनमधले दोन गुरुवार. ती दवाखान्यात जाते म्हणून गेली आणि उशिरा परतली. दमलेली होती, पण चेहरा खुललेला होता. दुसऱ्या गुरुवारी टँटोच्या गाडीतून उतरली. विचारलं तर म्हणाली, बसला गर्दी होती. दवाखाना रस्त्याच्या एका टोकाला, टँटोचं घर दुसऱ्या टोकाला. तेव्हा त्याने पुढे विचारलं नाही. आजारी माणसाला काय विचारणार?

कोंबड्याच्या गाण्यांचा चावट अर्थ काय असतो, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही कळतं.

आणि ती नववी रात्र. माणूस गेल्यावर नवव्या रात्री सगळी गल्ली जमते, मासे तळले जातात, डॉमिनो आपटतात, साउंडवाला स्पीकरचे मोठाले बॉक्स लावून पहाटेपर्यंत गाणी वाजवतो. आयसिल्डासाठी टँटोने स्वतःचा ज्युपिटर साउंड आणला होता. होप्टन पाद्रीबाबांसोबत मागच्या खोलीत दार लावून बसला होता. भिंतीपलीकडे अचानक एवढा मोठा हशा उठला होता की पाद्रीबाबा प्रार्थना मध्येच थांबवून दाराकडे बघायला लागले होते. तेच गाणं लोकांनी परत लावायला लावलं, परत हशा झाला. नवव्या रात्री लोक हसतात, हसावंच, पण त्या हशात काहीतरी वेगळं होतं. होप्टनने कानांवर उशी दाबली होती. तेव्हापासून तो टँटोशी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टँटोच्या अंगणात जाऊन उभा राहिला. पन्नाशीचा टँटो एका उलट्या बॉक्सपुढे मांडी घालून बसला होता, फाटलेल्या पडद्याला गोंद लावत होता.

“जूनमध्ये माझी बायको तुझ्या गाडीतून कुठे गेली होती?”

टँटोने ब्रश डब्यात ठेवला. “बसा तरी.”

“उभाच बरा आहे.”

“सीफोर्थला. ब्रिगोकडे.”

“कशाला?”

“डब करायला.”

होप्टनला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. डब म्हणजे साउंडवाल्याने गायकाला गाठून त्याचंच गाणं आपल्या नावाचे शब्द घालून खास पुन्हा गाऊन घ्यायचं. ते दुकानात मिळत नाही, ज्याचं त्याच्याकडेच राहतं. स्वतःची वाहवा करायची असेल किंवा समोरच्या साउंडची अब्रू काढायची असेल तर पुरुष डब करतात. मिरच्या विकणारी, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसणारी बाई डब करत नाही.

“कोणासाठी?”

“तिच्या नवव्या रात्रीसाठी. मला म्हणाली, टँटो, तू माझ्यासाठी वाजवशीलच, मग रडकी गाणी नकोत. मी म्हटलं, मिस आयसी, असं काय बोलता? म्हणाली, वेळ घालवू नकोस, गाडी काढ.” टँटोने हाताचा गोंद चोळून काढला. “शब्द तिनेच सांगितले. ब्रिगो हसून हसून दोनदा चुकला.”

“लाव.”

“मास होप्टन, खरं सांगतो, तुम्ही त्या रात्री आत होता म्हणून…”

“लाव म्हणतो ना.”

टँटोने आतून छोटा बॉक्स आणला आणि लावलं. ताल तोच, ब्रिगोचा आवाजही तोच. शब्द मात्र वेगळे.

*मोरंट बेचा कोंबडा, होप्टन त्याचं नाव,*
*म्हणे मी आरवलो की जागं होतं गाव!*
*अरे, कूस बदलून आधी जागी होते कोण?*
*चोच मारून सांगते, ऊठ आता, होप्टन!*

*वर्षभर बाजारात कान लावते आयसी,*
*डिसेंबरात रेडिओवर याची ऐट बघा कैसी!*

पुढे आणखी दोन कडवी होती. त्यात त्याचं घोरणं होतं, त्याची इस्त्रीची पँट होती, आणि शनिवारी रात्री सूप पिताना तो विचारायचा तो प्रश्नही होता: काय गं, लोक हल्ली काय फालतू गुणगुणतात? प्रत्येक कडव्यानंतर कोंबडा आरवायचा, प्रत्येक वेळी थोडा अधिक घोगरा.

होप्टनने तो प्रश्न तेहतीस वर्षं विचारला होता. ती वाडगं पुसत पुसत गुणगुणून दाखवायची. आज हे, गेल्या आठवड्यातलं ते आता कोणी म्हणत नाही, कोळणींना हे फार आवडलंय. तो नाक मुरडायचा. मग उठून वहीत लिहायचा. एवढंच. आपण लिहितो ते आपण ऐकलेलं असतं, असंच त्याला वाटायचं.

गाणं संपलं. ताल थांबल्यावर एक खोकला ऐकू आला, मग हसणं, आणि मग तिचा आवाज, माइकपासून लांबचा:

“पुरे रे, पुरे. फार टोचू नकोस त्याला.”

टँटोने बटण दाबलं. “शेवटचं ते काढायचं होतं. राहून गेलं.” मग म्हणाला, “खरं म्हणजे मी काढलं नाही.”

होप्टन अंगणातल्या फणसाकडे बघत होता.

“खर्ज कमी आहे,” शेवटी तो म्हणाला.

“छोटा बॉक्स आहे ना. मोठे जोडू?”

“नको. परत लाव.”

टँटोने परत लावलं. या वेळी होप्टन खाली बसला, उलट्या बॉक्सच्या कडेवर. ‘इस्त्रीची पँट’ आली तेव्हा त्याने नकळत गुडघ्यावरची घडी सारखी केली. टँटोने दुसरीकडे पाहिलं.

“तुमच्या यादीत डब चालत नाही,” गाणं संपल्यावर टँटो म्हणाला. “मी सगळ्यांना सांगत होतो, चिठ्ठ्या टाकू नका, तो मानणार नाही. आणि कळलं तर मला मारेल. पण लोक ऐकतात कुठे! गल्लीत चार महिने दुसरं काही वाजलंच नाही. मी वाजवलं नाही तर लोक आपणच म्हणतात.”

“डब म्हणजे विकतचं कौतुक.”

“हो ना. तुम्हीच म्हणता दर वर्षी.”

“मी नाही,” होप्टन म्हणाला. “मी रेडिओवर म्हणायचो. पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात ती म्हणाली होती. डब घेतलेस तर जो तो स्वतःची आरती ओवाळून आणेल, म्हणाली.”

टँटोने जरा विचार केला. “म्हणजे हे रेडिओवर कधी यायचं नाही, हे तिला माहीत होतं.”

होप्टन उठला. पँट झटकली.

“बुधवारी दोन वाजता स्टेशनवर घेऊन ये.”

“अख्खं?”

“अख्खं.”

“मास होप्टन, सगळा परगणा ऐकेल. किंग्स्टनपर्यंत जाईल. लोक म्हणतील तेहतीस वर्षं हा माणूस…”

“मोठे बॉक्स आणू नकोस, जिना अरुंद आहे,” होप्टन म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.

यादीतली एक जागा भरली. नऊ उरल्या होत्या. पेट्यांतल्या बाकीच्या चिठ्ठ्या इकडे एक, तिकडे एक अशा विखुरलेल्या होत्या. कोणाची मुलगी गाते म्हणून, कोणाचा जावई. त्यांच्यावर यादी होत नाही, हे त्याला माहीत होतं. वही उघडली की मेनंतर काहीच नव्हतं.

शनिवारी तो बाजारात गेला. इतक्या वर्षांत तो तिथे फक्त पेटी उचलायला यायचा. आता पेटीही नव्हती, हातात काही नव्हतं. तो कोळणींच्या रांगेतून गेला आणि जिथे जिथे गेला तिथे तिथे आवाज बंद पडला. एका बाईने तर सुरी हातात तशीच धरून ठेवली.

“काय झालं, मास होप्टन?” मिस पॅन्सीने छत्रीखालून विचारलं. तिच्या शेजारची जागा अजून कोणी घेतली नव्हती. “टँटो जिवंत आहे ना?”

“आहे. मला कांद्याची पात हवी होती.”

“किती?”

किती घेतात हे त्याला माहीत नव्हतं. “आयसी घ्यायची तेवढी.”

“आयसी विकायची, घ्यायची नाही,” मिस पॅन्सी म्हणाली. तिने एक जुडी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “आणखी काय हवंय?”

“हल्ली तुम्ही काय गुणगुणता?”

तिच्या कपाळाला आठी पडली. “का? मी काय केलं? अजून त्या चिठ्ठीच्याच मागे आहात का?”

“नाही. सहज.”

“सहज कोणी विचारतं का असं? विचारल्यावर काय आठवणार?” तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने खांदे उडवले. आजूबाजूच्या सगळ्या बाया आता त्याच्याकडेच बघत होत्या, हात थांबवून, तोंडं घट्ट मिटून.

होप्टनने पातीची जुडी काखेत मारली. मग तो त्या रिकाम्या जागेवर गेला, पालथ्या क्रेटवर बसला आणि त्याने सगळ्यांकडे पाठ केली. समोर रस्ता होता. रस्त्यावर एक माणूस उसाची मोळी ओढत होता. होप्टन त्याच्याकडे बघत राहिला.

मागे कोणीतरी मासळीवर पाणी शिंपडलं. सुरी पुन्हा चालायला लागली. बराच वेळ फक्त तेवढाच आवाज होता. मग एका बाईने अगदी हळू, दातांतल्या दातांत, एक चाल धरली. दुसरीने तिला जरा खालून साथ दिली.

ते गाणं होप्टनने कधी ऐकलं नव्हतं. तो हलला नाही.