डाव्या बाहीच्या चौऱ्याऐंशी ओळी

पत्र्याच्या डब्यात विणायच्या सुया अकरा होत्या, म्हणजे पाच जोड्या आणि एक एकटी. लोकरीचे गुंडे चार, त्यातले दोन कसरीने खाल्लेले. बटणं सात, सातही वेगळ्या जातींची. शाळेतला एक फोटो, त्यात अठ्ठावीस मुलं आणि एक मास्तर. आणि सगळ्यांत खाली, पेढ्यांच्या खोक्याच्या कागदात गुंडाळलेली, कुठल्याशा जुन्या मासिकाची विणकाम पुरवणी. सोळा पानांपैकी चौदा शिल्लक.

झोयानं हा ऐवज शिलाई मशीनच्या फळीवर मांडला आणि पुन्हा एकदा मोजला.

"डबा उघडलाय का पंचनामा चाललाय?" अय्युबनं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"अब्बा, हा कागद पन्नास वर्षांपूर्वीचा आहे."

"मग माझ्यापेक्षा तरणा हाय. फळी मोकळी कर."

निमगाव केतकीच्या बाजारात 'अय्युब टेलर' ही पाटी लागून पस्तीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी झोया फिजिक्स शिकली आणि बारामतीच्या एका माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. रोज एसटीने जायची, एसटीने यायची, आणि जाता-येता विणायची. पण दुकानात मिळणारे तयार नमुने तिला नको असत. तिला जुनेच लागत. कुणी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं 'दोन सुलट, दोन उलट, चार टाके मागे घ्या' आपण आज केलं, की तीच नक्षी तशीच्या तशी उमटते, याचं तिला फार वाटे. तिच्या मते हा एक प्रयोग होता. करणारा मेला तरी कृती शिल्लक राहते आणि निष्कर्ष पुन्हा तोच येतो. हे तिनं एकदा कंडक्टरला समजावून सांगितलं होतं. त्यानं सुट्टे मागितले होते.

हा डबा कुशाबाईंचा. कुशाबाई ऐंशीच्या, गावातल्या एके काळच्या महिला मंडळातल्या शेवटच्या विणणाऱ्या. त्यांचा मुलगा सावळाराम येत्या आठवड्यात एकसष्टीचा होत होता. पुण्याला असलेली त्याची मुलगी दिपाली हिनं झोयाला फोनवर गळ घातली होती. शाळेच्या फोटोत बाबांच्या अंगात जो स्वेटर आहे, छातीवर दोन वेण्यांचा, तस्साच मोठ्या मापाचा विणून दे. अगदी तस्साच.

'तस्साच' हा शब्द ऐकल्यावर झोयाला दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

तिनं पुरवणीतला प्रत्येक आकडा पावणेदोनने गुणून मोठ्या माणसाचं गणित मांडलं. पाठ ती भिगवणला कामासाठी गेली तेव्हा जाता-येता झाली, पुढचा भाग आणि उजवी बाही बारामतीच्या एसटीत. मग डावीची कृती काढली. या नक्षीत वेणी डाव्या बाजूला उलट्या दिशेनं वळत होती, म्हणून डावी बाही वेगळी छापली होती. उजवीला लिहिलं होतं, 'कडेनंतर सरळ ७४ ओळी.' डावीला, '८४ ओळी.'

झोयानं भिंग आणलं. चौऱ्याऐंशीच होत्या.

तिच्या विणीत सात ओळींचा एक इंच होई. म्हणजे लहान मुलाच्या स्वेटरची डावी बाही जवळजवळ दीड इंच लांब. मोठ्या मापात तर अडीच. तिनं फोटो भिंगाखाली धरला. पुढच्या रांगेत तिसरा, कान बाहेर आलेला सावळाराम. त्याच्या उजव्या हाताची बोटं दिसत होती. डाव्या हाताची बाहीत गडप झालेली. तिनं बाकीचेही तपासले. वेणीवाला स्वेटर एकूण पाच मुलांच्या अंगात होता आणि पाचही जणांची डावी बोटं बेपत्ता होती.

रविवारी ती कुशाबाईंकडे गेली. म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत होती.

"आजी, सावळारामतात्यांच्या स्वेटरची डावी बाही लांब व्हायची का हो?"

"बाही कशाला लांब हुईल? हात आखूड हाय त्याचा. सगळ्या गावाला म्हायती हाय."

झोयालाही माहीत होतं. सावळारामतात्यांचा डावा हात आखूड, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. त्यांच्या सदऱ्याची डावी बाही अब्बा नेहमी एक इंच कमी करत.

"पण आखूड आहे हे कधी कळलं?"

"पैला सुटर घातला तवा. सात वर्साचा आसंल. उजवी बाही कशी मनगटावर बसली, आन् डावी पार बोटांच्या खाली. मी म्हटलं, अगं बाई! एकच पुस्तक, एकच लोकर, विणणारी मी एकटीच. मग चूक कुणाची? हाताचीच की."

"पुस्तकाची असू शकते ना?"

कुशाबाईंनी शेंग खाली ठेवली. "छापल्यालं हाय ते, पोरी."

"बरं, मग हात आखडला कशानं?"

"देवी टोचल्या त्यानं. डाव्याच हाताला टोचत्यात. शाळंतल्या पाच पोरांचे हात आखडले त्या साली. पाचीजण एका दिवशी टोचल्याली."

"आणि पाचही जणांच्या आया एकाच पुरवणीवरून विणत होत्या?"

"मग? पुस्तक एकच हुतं मंडळात."

झोयानं शेवटची शंका काढली. "नंतर फरक कमी झाला का?"

"कमी? वाढला! दर दोन सालाला मी जाड लोकर घ्यायची, जाड सुया घ्यायची, आकडे त्येच. पोरगं मोठं, सुटर मोठा. जसं पोरगं वाढलं तसा फरक वाढत गेला. म्हंजे रोगच की न्हाय?"

प्रयोगशाळेत इतका सुसंगत पुरावा झोयाला एकदाही मिळाला नव्हता.

घरी येऊन तिनं हे वडिलांना सांगितलं. अय्युब कात्रीनं कापड कापत होता, तो थांबला.

"अब्बा, तुम्ही तात्यांचा डावा हात कधी मोजलाय?"

"टेलर एकच हात मोजतो. अल्लानं हात जोडीनं दिल्यात."

"मग तात्यांची बाही कमी का करता?"

"त्याचे जोडीनं न्हाईत म्हणून."

"हे कुणी सांगितलं?"

"त्यानंच! पैला सदरा शिवायला आला तवाच. आपला हात आपल्याला म्हायती नसतो व्हय?"

अय्युबनं कात्री खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. ती का, हे झोयाला कळत होतं. दुकानाची सगळी पत त्या एका हातावर उभी होती. सावळारामतात्या लग्नाकार्यात, बाजारात, कारखान्याच्या सभेत हात वर करून सांगत, "पुण्याच्या टेलरांनी हात टेकले. ह्यो हात फकस्त अय्युबला कळतो." त्यामुळे बावड्याहून, इंदापूरहून लोक येत. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचं पोट मापात न बसणारं. रेडिमेडच्या जमान्यात अय्युबच्या बाकावर अजून माणसं बसत होती, ती या कीर्तीपायी. तो हात धड निघाला, तर पस्तीस वर्षं सगळ्यांत नावाजलेलं शिवणच चुकलेलं निघणार होतं.

"तू आसं कर," शेवटी अय्युब म्हणाला, "डावी बाही एक इंच कमी विण. मी शिवतो तशी."

"पुरवणीत ती अडीच इंच जास्त आहे."

"मग मधली काढ."

"अब्बा, हात काही मतदान नाही. मोजला पाहिजे."

"माझ्या दुकानात त्याचा हात कुणी मोजायचा न्हाय!" अय्युब म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की समोरचा चहावाला दोन चहा घेऊन आला.

बाजाराच्या दिवशी स्वेटर घालून बघायचा होता. झोयानं सगळं शिवून आणलं होतं, फक्त डावी बाही अजून सुईवर होती. एकशे वीस ओळींवर तिनं हात आखडता घेतला होता. पुढे एक ओळही विणायची नाही, असं ठरवून.

बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांतला बावड्याचा म्हस्कू एका खांद्यानं चार बोटं खाली होता आणि पहिल्यांदाच आला होता. तेवढ्यात सावळारामतात्या आले, मागून काठी टेकत कुशाबाई.

"अय्युब्या," तात्या आत येता येताच म्हणाले, "नव्या सदऱ्याची डावी बाही परत जास्त कापलीस. मनगट उघडं पडतंय."

"तुझा हात वाढतोय, त्याला मी काय करू?"

"साठाव्या वर्षी?"

"तुझा ऊस वाढतो, मग हात का न्हाय?"

"दर सदऱ्याला वाढतोय व्हय रं? आता एक इंच म्हणायचं का न्हाय तेच कळंना."

"एक इंचच हाय! मला शिकवू नगंस."

बाकावरचे हसले. हे भांडण जुनं होतं. ते ऐकायलाही लोक येत. झोया मात्र हसली नाही, कारण उघडं मनगट प्रत्येक सदऱ्यातून हात धड असल्याचंच सांगत होतं आणि दोघंही ते आपापल्या परीनं मिटवत होते.

तिनं तात्यांना स्वेटर चढवला. उजवी बाही मनगटावर नेमकी बसली. डाव्या खांद्यापाशी भोक, आणि त्यातून सदऱ्याची आखूड बाही.

"बाही कुठाय, पोरी?"

"सुईवर आहे, तात्या. किती विणायची ते ठरत नाही."

"ह्यात काय ठरवायचं? अय्युबला इचार."

"अब्बा म्हणतात एक इंच कमी. आजींचं पुस्तक म्हणतं अडीच जास्त."

"पुस्तक बरोबरच हाय," कुशाबाई काठी आपटून म्हणाल्या. "हात चुकीचा हाय."

तात्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मग दोन्ही समोर धरले. एक खांदा पुढं आला, दुसरा मागं गेला, आणि बाकावरच्या तिघांनी तीन वेगवेगळी मतं दिली. म्हस्कूनं तर स्वतःचेही हात समोर धरले.

"अय्युबराव," तो काळजीनं म्हणाला, "ह्यांचा हात तुमी मोजूनच शिवलाय नव्हं?"

अय्युबनं गळ्यातला टेप नुसताच सारखा केला.

"मी आईच्यान सांगतो," तात्या मधे पडले, "माझा हात ह्यो माणूस डोळे मिटून..." ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "अय्युब्या, पोलीस भरतीला मी ह्या हातापायी गेलो न्हाय, तुला म्हायती हाय. आता साठ झाली. मोजून टाक एकदा. आखूड तर आखूड."

झोयानं टेपकडे हात नेला.

"ठेव," अय्युब म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकाचं माप मी घेतो."

त्यानं गळ्यातला टेप काढला. तात्यांचा स्वेटर उतरवला, मग सदराही, आणि त्यांना बनियनवर भिंतीला पाठ टेकून उभं केलं. दोन्ही खांद्यांची हाडं अंगठ्यानं चाचपून तिथं खडूनं खुणा केल्या. उजवा हात मोजला. मग डाव्या बाजूला गेला.

तो पाठमोरा होता. टेपवरचा आकडा त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. तो जे म्हणेल ते गाव आणखी पस्तीस वर्षं मानणार होतं. त्यानं डावा हात मोजला. टेप सोडला, झटकला, सरळ केला आणि पुन्हा मोजला. म्हस्कू बाकावरून अर्धा उठला होता. कुशाबाई कानामागं हात लावून बसल्या होत्या.

अय्युबनं वळून झोयाकडे बघितलं. एकशे वीस ओळींची बाही तिच्या मांडीवर होती आणि सुया तिनं उचलल्या नव्हत्या.

"लिहून घे," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं वाचलं.

"उजवा, साडेतेवीस इंच. डावा, पावणेचोवीस."