घडतं तेच लिहिते

बारकीची आई टीव्हीवरची मुलांची विनोदी मालिका लिहायची, आणि तिच्यात अब्रू वेशीला टांगायची ती स्वतःच्याच घरची. बाबांचं भोकं पडलेलं बनियन, पाहुण्यांसमोर चहात पडलेली आजीची कवळी, बारकीच्या नाकावरची पहिली पुटकुळी, काही म्हणून सुटलं नाही. शाळेत पोरं खिदळायची.

"मी मनचं एक अक्षर लिहीत नाही," आई टेचात सांगायची. "घडतं तेच लिहिते."

शेवटी घरच्यांनी तोंडं शिवून घेतली. बाबा घरातही इस्त्रीचा शर्ट घालू लागले. आजी हसेनाशी झाली. तीन आठवडे घरात काही म्हणजे काही घडलं नाही. आई कोऱ्या कागदासमोर नखं कुरतडत बसायची. मग एका सकाळी ती शीळ घालतच उठली, आणि बारकीला उगीचच धडकी भरली.

त्याच दुपारी बारकी आपला निबंध घ्यायला प्रिंटरपाशी गेली, तर वर आईची पानं होती. 'शाळेचा बक्षीस समारंभ. मुलीसोबत बाबा स्टेजवर चढतात. सगळ्यात वरच्या पायरीवरून त्यांचा पाय सटकतो. सभागृहात हशा. बाबा उठत नाहीत.'

समारंभ तर उद्या होता.

पानं घेऊन ती धावत व्हरांड्यात आली. तिथे आई गुणगुणत बाबांच्या नव्या बुटांना पॉलिश करत बसली होती. बूट तिने मांडीवर उलटे धरले होते, आणि तळ आरशासारखे चमकत होते.