छातीशी बांधायचं कापड

शनिवारी मुलीला घरी सोडलं तेव्हा तिचं वजन एक हजार नऊशे वीस ग्रॅम होतं. नर्सबाईंनी तिच्या बापाला, सुझगोला, बजावलं, "टोपी आणि लंगोट, बाकी अंगावर काही नको. उघड्या छातीशी बांधायची, बेडकासारखी, रात्रंदिवस. आईच्या, नाहीतर बापाच्या. गार पडली की दूध ओढणार नाही, दूध नाही तर वजन नाही. गुरुवारी काटा वर गेला नसेल तर परत वॉर्डात."

त्या वॉर्डात आठ दिवसांत दोन खाटा अचानक रिकाम्या झालेल्या सुझगोनं पाहिल्या होत्या. तो सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचा. आकड्याला किती महत्त्व असतं हे त्याला नव्यानं शिकवायची गरज नव्हती.

पण मुलीला कशानं बांधायचं हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. सुझगो उत्तरेकडचा. तिकडे सून नवऱ्याच्या घरी येते. इकडे दक्षिणेत, झोंबाच्या बाजूला, जावई बायकोच्या अंगणात येऊन राहतो, छप्पर शाकारतो, आणि घरात काही महत्त्वाचं ठरत असलं की कोंबड्यांकडे बघत बसतो. ठरवतात बायकोचे मामा.

हे मामा, नाखुम्वा, होडी पक्षाचे विभागप्रमुख होते. रविवारी चर्चमधून सुटले ते नवंकोरं चितेंजे काखोटीला मारूनच आले. बायका नेसतात, बाळ बांधतात ते दोन वार कापड, आणि त्यावर जागोजागी ताटाएवढ्या वर्तुळात होडी पक्षाचे नेते हसत होते.

"घराण्यातलं पहिलं लेकरू," मामा म्हणाले. "होडीतच बसणार."

"बसेल की, बुडायचं असेल तेव्हा." हा आवाज आतून आला. सासूबाई, एनलेस, या मामांच्या धाकट्या बहीण, पण मत रांजण पक्षाला. त्यांच्याही हातात नवं चितेंजे होतं आणि त्यावरही ताटाएवढे चेहरे होते. दोन्ही कापडं सभेत फुकट मिळालेली, दोन्ही खळीनं पत्र्यासारखी कडक. धुऊन मऊ करू म्हटलं तर दोघंही ऐकेनात. चेहरा फिका पडतो म्हणे.

तिसरी वस्तू सुझगोच्या मेव्हणीनं जोहान्सबर्गहून पाठवली होती. बाळ अडकवायची तयार पिशवी, बकलं, पट्टे आणि चाळीस पानांची पुस्तिका. पुस्तिका घरात एकट्या सुझगोनं वाचली. सतराव्या पानावर लिहिलं होतं की साडेतीन किलोंच्या खालच्या बाळाला यात घालू नये. त्यानं ती पिशवी खुंटीला टांगली. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी तिच्यात कांदे भरले.

उरले दोन पक्ष. मामा वयानं मोठे, म्हणून पहिली पाळी होडीची. सुझगोच्या बायकोनं, एस्नाटनं, लेकीला छातीशी धरलं, सासूबाईंनी तोंड वाकडं करून गाठ मारली, दोन पावलं मागे सरल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"दादा, अरे बघ! पोरगी तुझ्या नेत्याच्या तोंडावरच बसली की!"

मामांनी पाहिलं. खरंच बसली होती.

"सोड! सोड आधी! कुणी पाहिलं तर माझं पद जाईल."

सोडलं. कापड उलटं धरून बांधलं, तर नेते खाली डोकं वर पाय झाले. उलटा नेता म्हणजे पडलेला नेता, असं म्हणत मामांनी तेही सोडायला लावलं. तिसऱ्यांदा आडवं, चौथ्यांदा तिरकं. तोवर सुझगोनं टेप आणून मोजून घेतलं. चेहऱ्यापासून चेहऱ्यापर्यंत अडतीस सेंटिमीटर. मुलगी चव्वेचाळीस.

"मामा," तो अदबीनं म्हणाला, "कसंही धरा, एक तरी नेता बुडाखाली येतोच."

"जावईबापू, सरकारनं तुम्हाला पाण्यातले किडे मोजायला ठेवलंय. नेते नका मोजू."

मग रांजणाची पाळी आली. सुझगोनं तेही कापड मोजलं. तेच अडतीस, बहुधा एकाच गिरणीत छापलेलं. सासूबाईंनी गाठ मारली आणि अर्ध्या मिनिटात पोरीनं लंगोट ओलांडून रांजणाच्या नेत्याला न्हाऊ घातलं. आता हसायची पाळी मामांची. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आमचा कोरडा होता हो! तुमचाच भिजला!"

"पुन्हा बांधते," सासूबाई फणकारल्या. "सोड गं एस्नाट."

"आई, मी काय झेंड्याची काठी आहे?" एस्नाट भिंतीला टेकली. तिला टाके होते, सकाळपासून ताप होता. "एकदा काय ते ठरवा, नाहीतर मला आडवं होऊ द्या."

दर वेळी कापड सुटलं की मुलगी उघडी पडत होती. सुझगो दर वेळी काखेत थर्मामीटर लावत होता. छत्तीस पूर्णांक चार. छत्तीस पूर्णांक एक. आता पस्तीस पूर्णांक सात. मुलीनं रडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

सुझगोनं कुणाला विचारलं नाही. त्यानं सदरा काढला, बायकोच्या हातातून मुलगी घेतली आणि वाळत घातलेला एस्नाटचा गरोदरपणातला ताणणारा स्कर्ट दोरीवरून ओढला. डोक्यातून घालून तो छातीपर्यंत आणला आणि मुलीला आत सरकवलं. स्कर्टानं दोघांना घट्ट आवळून धरलं. गाठ नाही, चेहरा नाही.

मग तो उंबरठा ओलांडून घरात जाऊन बसला.

"बायकोचा स्कर्ट," मामा मागोमाग आत येत म्हणाले. "भरदिवसा. आमच्या घरजावयानं."

"तुमच्या उत्तरेत असंच नेसतात का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"सासूबाई, दार लावा. वारा येतोय," सुझगो म्हणाला.

सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच जावयाचं ऐकलं. लावलं दार. चाळीस मिनिटांनी थर्मामीटर छत्तीस पूर्णांक सहावर आला. एस्नाटनं पाजायला घेतलं तेव्हा पोरीनं दूध असं ओढलं की सगळ्यांना चुटचुट ऐकू आली.

पुढचे चार दिवस सुझगो स्कर्टातच वावरला. हापशावरच्या बायका त्याला "बाळंतीणबाई" म्हणून हाक मारायच्या, खुराक म्हणून शेंगदाण्याची पेज पाठवायच्या. तो पेज प्यायचा आणि मुलीच्या श्वासांवर लक्ष ठेवायचा. बाळंतिणीला एवढी झोप का येते हे त्याला बुधवारी कळलं.

गुरुवारी दवाखान्यात मामा आणि सासूबाई दोघंही आले, सासूबाई आपलं चितेंजे नेसून, मामा आपलं खांद्यावर घेऊन. नर्सबाईंनी मुलीला काट्यावर ठेवलं. काटा डुलला, थांबला.

"दोन हजार पन्नास," नर्सबाई म्हणाल्या. "घरी न्या. पुढच्या गुरुवारी या."

व्हरांड्यात मामा रांगेतल्या लोकांना सांगत होते की होडीच्या राज्यात पोरं अशी बाळसं धरतात. सासूबाई म्हणत होत्या, वजन खाण्यानं वाढतं, आणि पेज रांजणवाल्यांच्या घरची होती. दोघांचा आवाज चढत गेला, तसे लोक जागा धरून बसले.

आत सुझगो मुलीला पुन्हा छातीशी सरकवत होता. एकशे तीस ग्रॅम, पाच दिवस. दिवसाला सव्वीस. भागाकार सोपा होता, तरी त्यानं तो तीनदा केला.