वेंडेल साहेबाने टिपलेले पाय

वेंडेल साहेब जर्मन होता आणि त्याचं डोकं फिरलेलं होतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, पण दुभाष्याने स्वतःचं मत सांगायचं नसतं. मी ठाण्याच्या शाळेतला मास्तर. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या माघात तो हलती चित्रं टिपणारी पेटी घेऊन आला. बाकीचे साहेब हत्ती नाहीतर राजवाडे शोधतात. हा बाळकुमच्या मिठागरात चिखल बघत बसला.

तिथे बायका वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करत होत्या. चित्र कल्याणला दाखवणार हे कळल्यावर त्यांतली सगुणा दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून, शेजारणीची नथ घालून आली. तिची लेक शालू कल्याणला दिलेली. लग्नातल्या मानपानावरून बिनसलं, आणि दोन वर्षं झाली, सासूने पोरीला माहेरी धाडलं नव्हतं.

"मास्तर, माजी शालू बगल ना? तिला दिसूं दे, आय मजेत हाय."

मी साहेबाला सगळं समजावलं. त्याने मान डोलावली आणि पेटी जमिनीलगत ठेवली. त्याला फक्त पाय हवे होते. "चेहरे पेटीसमोर सोंग करतात," म्हणाला. असा राग आला मला! चेहरा टिपला जाणार नाही हे सगुणेला मात्र मी सांगितलं नाही. ती नथ सावरत हसत होती.

पंधरा दिवसांनी कल्याणात भाताच्या वखारीची दारं लावून भरदुपारी खेळ झाला. शालूला सासूसकट बोलावणं मीच धाडलं होतं. पडद्यावर पाय चिखल तुडवू लागले आणि लोक खो खो हसले. "पाय बघायला बोलावलं होय?" कुणीतरी म्हणालं.

शालू हसली नाही. उठून पडद्यापाशी गेली.

"ही माजी आय," ती म्हणाली. "डावी टाच टेकत नाय. चवड्यावं चालते. पाय दुकतोय तिचा."

"खाली बस गं!" सासू ओरडली.

मी नीट पाहिलं. खरंच होतं. दोन दिवस मी त्याच बांधावर उभा होतो, आणि मला आठवत होती ती नथ. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला चित्र आवडलं नाही का?" साहेबाने विचारलं.

मी दाराकडे बोट दाखवलं. शालू पदर खोचून दारापाशी पोचली होती. सासूकडे न बघता तिने मला विचारलं, "मास्तर, ठान्याची गाडी कवा हाय?"