तिसऱ्या दिवसाची उचकी

एलिएझरनं पाण्याचा तांब्या बायकोच्या, अबीगेलच्या हातात दिला, चष्मा पुसला आणि एकेचाळिसावं नाव घेतलं.

"रोह्याची जोकबेदमावशी."

अबीगेलनं घोट गिळला. दोघं थांबले. उचकी आली.

"मावशीला वेळ नाही म्हणजे," एलिएझर म्हणाला आणि त्यानं कागदावरच्या मावशीवर काट मारली.

आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की उचकी थांबते, हे पनवेलमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. एलिएझर मामलेदार कचेरीत कारकून असल्यामुळे त्यानं हे काम गावांच्या क्रमानं चालवलं होतं. आज तिसरा दिवस. पेण, अलिबाग उरकलं होतं, आता रोहाही संपलं. इस्रायलला गेलेल्यांचा कागद वेगळा होता. त्यात बारा नावं होती. खरं तर तेरा हवी होती.

तेरावा इनॉक. अबीगेल सिनॅगॉगच्या कीर्तनात गायची तेव्हा पेटीवर तो असायचा. चार वर्षांपूर्वी, बावन्न साली, तो पेटीसकट इस्रायलला गेला. दर नव्याच्या सणाला, यहुदी नववर्षाला, त्याचं कार्ड यायचं. पत्ता एलिएझरच्या नावाचा, मजकूर चारचौघांत वाचण्यासारखा. फक्त शेवटी एक ओळ असायची, 'अबीगेल अजून गाते का?' एलिएझर कार्डाला न चुकता उत्तर पाठवायचा. त्या ओळीला नाही.

मासळीची पाटी घेऊन मालू दारात बसली.

"बाईंची उचकी अजून हायच? त्या पेटीवाल्याचं नाव घेतलं का तुमी?"

"कोण पेटीवाला?"

"बघा! आख्ख्या आळीला ठावं, न् यांना नाय!"

"उचकी तुला लागलीय का? मासळी दाखव."

मालूनं मासळी दाखवली, आणि जाताना अबीगेलकडे बघून पदराआड हसली. तेवढ्यानं एलिएझरला महाग पडलेली मासळी आणखी महाग वाटली.

"घ्या एकदाचं," अबीगेल भिंतीला टेकत म्हणाली. उचकी आली. "घेऊन टाका. तीन रात्री डोळा लागला नाही माझा."

"म्हणजे त्या नावानं थांबेल, अशी खात्री आहे तुला."

"मला झोप हवीय हो."

एलिएझरनं कागद घडी करून खिशात ठेवला. तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता, एखाद्याला कचेरीत पुकारावं तसं म्हणाला,

"इनॉक."

उचकी आली नाही. अबीगेलनं डोळे मिटले. एलिएझर मनात मोजत होता. सात. आठ. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दहा.

उचकी आली. चांगली मोठी, खांदे हलवणारी.

तीन दिवसांत पहिल्यांदा एलिएझर हसला.

"चल," तो म्हणाला, "डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी उचकी कधीपासूनची ते विचारलं.

"तीन दिवस? आणि तुम्ही काय करत होता?"

"घरगुती उपाय," एलिएझर म्हणाला.

"घाईनं जेवल्याची, तिखटाची, वाऱ्याची उचकी घटकाभरात जाते. दोन दिवसांवर गेली की वाट बघायची नसते. आत दुसरंच काही बिघडलेलं असू शकतं." त्यांनी अबीगेलच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, मग वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. "ही सूज कधीपासून?"

"नव्याच्या सणापासून."

"लघवी कमी होते?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मला बोलली नाहीस," एलिएझर म्हणाला.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, चप्पल बदल."

डॉक्टर टेबलाशी जाऊन चिठ्ठी लिहू लागले. "मूत्रपिंडाचं दिसतंय. मुंबईला न्या, मोठ्या इस्पितळात. उद्या नाही, आत्ताच्या गाडीनं."

एलिएझर खाली बसला. त्यानं अबीगेलची चप्पल काढली. पट्ट्यांचे वळ पायावर खोल उमटले होते. डॉक्टरांनी दाबलं होतं तिथं खळगा अजून तसाच होता. त्याच्या शेजारी त्यानं हलकेच आपला अंगठा दाबला आणि उचलला. तिथली कातडीही वर येईना.

वर उचकी आली. आणखी एक आली. एलिएझर घोट्याकडेच बघत राहिला.